दडे बसले, सुटतील!

वेलिंग्टन, निलगिरी

कानाला दडे बसणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घाट चढताना दडे बसतात, सर्दीत बसतात, नदीत डुंबल्यावर बसतात आणि शेजारी सुतळी बॉम्ब फुटला की हमखास बसतात. या शब्दांतच एक आश्वासन आहे. बसलेले दडे सुटतात. जांभई द्या, आवंढा गिळा, नाक दाबून फुंका, नाहीतर एक रात्र झोप काढा. तोफखान्यात वीस वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाला तर याची सवयच असते. फायरिंग संपलं की कानात बारीक शिटी वाजत राहते, मेसमध्ये सगळे जरा चढ्या आवाजात बोलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पूर्ववत होतं.

पण काही वेळा दडे सुटत नाहीत, कारण ते दडे नसतातच. आजचा लेख अशा बहिरेपणाच्या इतिहासावर आहे. सैनिकाला दोन तऱ्हेचा बहिरेपणा येतो. एक तोफ देते, हळूहळू, वर्षानुवर्षं. दुसरा एका रात्रीत येतो, बहुधा एकाच कानात, आणि त्याचा तोफेशी काही संबंध नसू शकतो. आमच्या पेशात घोळ असा होतो की पहिला इतका ओळखीचा आहे की दुसराही त्याच्याच नावावर खपून जातो. या दोघांना वेगळं करायला वैद्यकाला दोनेकशे वर्षं लागली. बॅरेकीत ते काम अजून पुरं झालेलं नाही.

सुरुवात आरमारापासून करू. १२ एप्रिल १७८२ रोजी कॅरिबियन समुद्रात, डोमिनिका आणि ग्वादेलूप या बेटांच्या मधल्या पट्ट्यात, ब्रिटिश अ‍ॅडमिरल रॉडनीनं फ्रेंच आरमाराचा पराभव केला. (योगायोग असा की त्याच दिवशी आपल्याकडे श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यापुढे हेच दोन शत्रू भिडले होते, आणि महिन्याभरानं मराठ्यांचा इंग्रजांशी सालबाईचा तह झाला.) रॉडनीच्या ‘फॉर्मिडेबल’ जहाजानं त्या दिवशी ऐंशी ब्रॉडसाइड झाडल्या असं सांगतात. ब्रॉडसाइड म्हणजे जहाजाच्या एका बाजूच्या सगळ्या तोफांचा भडिमार. त्यानंतर चौदा दिवस अ‍ॅडमिरलसाहेबांना ऐकू येत नव्हतं. मग येऊ लागलं. कानाच्या इतिहासावरच्या लेखनात ही नोंद पुन्हा पुन्हा भेटते, ती अ‍ॅडमिरलची आहे म्हणून. खालच्या डेकवर, बुटक्या छताखाली, तोफेपासून हातभर अंतरावर जे शेकडो गोलंदाज होते, त्यांच्या कानांचं काय झालं हे कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांचा बहिरेपणा रोजच्या कामाचा भाग होता.

आवाजानं कान जातो हे लोकांना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. इटालियन वैद्य रामाझिनी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन आहे. एकाच वस्तीत दिवसभर हातोडे चालतात, आणि तिथले कारागीर आधी कमी ऐकू लागतात, मग म्हातारपणी पुरते बहिरे होतात. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीतून चक्कर मारली आहे त्यांना हे वाचताना व्हेनिस फार लांब वाटणार नाही. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरानं बॉयलर बनवणारे कामगार, लोखंडाचे ओतारी आणि टपालवाले यांचे कान तपासून एकमेकांशी ताडून पाहिले. बॉयलरवाल्यांचे कान सर्वांत वाईट निघाले. टपालवाल्यांना या यादीत घेणं मला फार आवडलं. आवाजात काम न करणारा माणूस शेजारी उभा केल्याशिवाय आवाजानं काय नेलं हे कळत नाही.

नेलं काय, हे कळायला कानाच्या आत जावं लागतं. १८५१ साली अल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली आंतरकर्णातल्या शंखाच्या आतली रचना दाखवून दिली. गोगलगाईच्या शंखासारख्या त्या नळीत सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या पेशी ओळीनं उभ्या असतात. एका कानात सुमारे १५ हजार. आवाजाच्या लाटेनं हे तुरे डोलतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. गवतावरून एकदा माणूस चालत गेला तर गवत पुन्हा उभं राहतं, रोज चालत गेला तर तिथे पायवाट पडते. केसपेशींचंही तसंच. रॉडनीचं गवत उठून उभं राहिलं. खालच्या डेकवर पायवाटा पडल्या. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, हे १९८०च्या दशकात कळलं आणि तेव्हापासून संशोधक पक्ष्यांचा हेवा करत आहेत.

मोठ्या आवाजापासून कानाला वाचवणारा एक छोटा स्नायू निसर्गानं दिला आहे. तो आखडला की आत जाणारा आवाज कमी होतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा काही अंश लागतो आणि तोफेचा धक्का त्याआधीच आत पोचलेला असतो. ढगांचा गडगडाट आणि वाघाची डरकाळी यांच्यासाठी तो पुरेसा असावा. बारूद त्याच्या हिशेबात नव्हती. क्षणिक धमाक्यासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. साधी रायफलही नेम धरणाऱ्याच्या कानापाशी ही रेषा ओलांडते, तोफेचं तर बोलायलाच नको. कारगिलच्या युद्धात आमच्या तोफखान्यानं अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेट डागली. टोलोलिंग आणि टायगर हिलच्या कथा सांगताना हा आकडा अभिमानानं सांगितला जातो, आणि तो अभिमान योग्यच आहे. त्यातल्या प्रत्येक गोळ्याच्या वेळी तोफेजवळ एक पुरी डिटॅचमेंट उभी होती, एवढंच मला त्याला जोडायचं आहे.

तोफेच्या बहिरेपणाची एक खूण आहे. तो आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच सूर खातो. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ अशी हवेची, पातळ व्यंजनं निसटतात. ‘सात’, ‘आठ’ आणि ‘साठ’ सारखे वाटू लागतात. घरात याचा परिणाम एवढाच की टीव्हीचा आवाज वाढतो आणि बायको चिडते. गन पोझिशनवर हाच फरक एखाद्या गोळ्याला आपल्याच इन्फन्ट्रीच्या डोक्यावर नेऊ शकतो. फायर ऑर्डर मोठ्यानं परत म्हणून दाखवायची आमची जुनी शिस्त आहे, तिचं मोल इथे कळतं.

म्हणूनच फौजेच्या वैद्यकीय श्रेणीत कानाला स्वतंत्र अक्षर आहे. ‘शेप वन’ हा शब्द फौजी घरांत लहान मुलांनाही माहीत असतो. एस म्हणजे मन, एच म्हणजे श्रवण, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकंदर शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे दृष्टी. पाचांतलं एक जरी घसरलं तरी माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो, आणि मग बढती, कोर्स, पोस्टिंग या सगळ्यावर त्याची सावली पडते. कान दाखवायला जवान का कचरतो, याचं उत्तर या अक्षरात आहे. पुढची गोष्ट समजायला ते लक्षात ठेवा.

आता दुसऱ्या बहिरेपणाकडे वळू. तो धमाका करत नाही.

१७९२च्या अखेरीस फ्रान्सिस्को गोया हा स्पेनचा दरबारी चित्रकार आजारी पडला. वय ४६. चक्कर, डोक्यात घोंघावणारे आवाज, दृष्टीचा त्रास. काही महिन्यांत बाकीचं बरंचसं सुधारलं, पण श्रवण गेलं ते कायमचं. १८२८ साली मरेपर्यंत, म्हणजे आयुष्याची पुढची पस्तीस वर्षं, तो पूर्ण बहिरा होता. कारण काय असावं यावर डॉक्टर आजही लेख लिहितात. कुणी पांढऱ्या रंगातल्या शिशाची विषबाधा म्हणतं, कुणी सिफिलिस, कुणी शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच कानावर केलेला हल्ला. निकाल लागलेला नाही. नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये जे केलं त्याची गोयानं काढलेली चित्रमालिका युद्धावरच्या सर्वांत भेदक कामांत मोजली जाते. ती चित्रं काढणाऱ्याला त्या युद्धातली एकही तोफ ऐकू आली नव्हती.

अचानक कान जाणं आणि चक्कर येणं हे त्या काळी मेंदूत रक्त चढल्याचं लक्षण समजलं जाई, आणि उपाय म्हणून रक्त काढत, जळवा लावत. १८६१ साली पॅरिसमध्ये प्रॉस्पर मेनिएर यानं याला आव्हान दिलं. तो मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य होता, त्यामुळे मेंदू उत्तम आणि कान निकामी अशी माणसं त्यानं रोज पाहिली होती. त्यानं एका तरुण मुलीची हकिकत मांडली. थंडीच्या रात्री घोडागाडीच्या वरच्या उघड्या बाकावरून प्रवास केल्यावर ती अचानक पूर्ण बहिरी झाली, तिला सतत चक्कर येऊ लागली आणि पाचव्या दिवशी ती वारली. शवविच्छेदनात मेंदू निर्दोष निघाला. आंतरकर्णातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत मात्र लालसर द्रव सापडला. रोग कानातला आहे, मेंदूतला नाही, असं मेनिएरनं ठासून सांगितलं. पुढच्याच वर्षी तो गेला. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला बराच काळ लागला.

कान आतून बंद पाडणारं आणखी एक कारण माझ्या सध्याच्या पोस्टिंगच्या अगदी दारात आहे. उटीहून गुडलूरकडे उतरताना नडुवट्टम लागतं. १८६०-६१ मध्ये क्लेमंट्स मार्कम यानं दक्षिण अमेरिकेतून आणवलेली सिंकोनाची रोपं या निलगिरीत लावली गेली. नडुवट्टमच्या बागेत चिनी कैद्यांकडून काम करून घेतलं गेलं. त्या झाडाच्या सालीतून मिळणारं क्विनाइन हिवतापावरचं एकमेव खात्रीचं औषध होतं, आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या-काळ्या पलटणींना त्याची गरज बंदुकीइतकीच होती. शत्रूच्या गोळीपेक्षा हिवतापानं जास्त माणसं अंथरुणावर पाडली होती.

क्विनाइनचा डोस वाढला की कानात घंटा वाजू लागतात आणि ऐकू कमी येतं. जुन्या डॉक्टरांना हे इतकं परिचित होतं की कान वाजू लागले म्हणजे औषध लागू पडतंय, असं ते समजत. बहुतेकांचं श्रवण औषध थांबल्यावर परत येई. पण विचार करा. तापातून उठलेला गोलंदाज, रोजच्या रांगेत क्विनाइन गिळणारा, आणि शेजारी तोफ. त्याचा कान गेला तर दोष कुणाच्या नावावर जाणार?

क्विनाइनपेक्षा मोठी किंमत नंतरच्या एका औषधानं घेतली. १९४३ साली अमेरिकेत वाक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झनं स्ट्रेप्टोमायसीन शोधलं. क्षयावरचं ते पहिलं खरं अस्त्र. पण पहिल्या काही रुग्णांतच दिसलं की ते आंतरकर्णाला मारतं, आणि इथे घंटा थांबल्यावर श्रवण परत येत नाही. आपल्याकडे पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते बनू लागलं. त्यानं असंख्य जीव वाचवले आणि त्यातल्या काहींचे कान घेतले. काही जणांत चारदोन इंजेक्शनांतच कान का जातो, हे कोडं १९९३ साली सुटलं. पेशींतल्या मायटोकाँड्रियामधला एक बारीक बदल त्याला कारणीभूत निघाला, आणि तो आईकडून मुलांना मिळतो. म्हणजे आजीचा कान इंजेक्शननं गेला होता, ही घरातली जुनी गोष्ट डॉक्टरला सांगण्यासारखी असते. पुढे औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी याच कुळातली इंजेक्शनं वापरली गेली. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं त्यातली बरीच मागे सारून गोळ्यांना पुढे आणलं, त्याचं एक मोठं कारण कान हेच होतं.

तोवर पहिलं महायुद्ध होऊन गेलं होतं, आणि बहिऱ्या सैनिकाकडे बघण्याची फौजेची नजर त्यात घडली होती. १० मार्च १९१५ रोजी न्यूव्ह शापेलला पस्तीस मिनिटांचा तोफमारा झाला आणि मग आपल्या गढवाली, गुरखा पलटणी पुढे सरकल्या. असे मारे पुढे तासांचे, मग दिवसांचे झाले. त्यातून परतलेल्यांत काही असे होते की कानाला जखम नाही, पडदा शाबूत, पण ऐकू शून्य. डॉक्टरांपुढे तीन शक्यता होत्या. आतला कान खरोखर फुटला आहे, मनानं ऐकणं बंद केलं आहे, किंवा माणूस ढोंग करतो आहे.

दुसरी शक्यता खरी होती. इंग्लंडमध्ये आर्थर हर्स्ट या लष्करी डॉक्टरानं अशा काही सैनिकांना केवळ धीर देऊन, समजूत घालून पुन्हा ऐकतं केलं. पण सेनापतींना काळजी तिसऱ्या शक्यतेची जास्त होती. एका कानानं बहिरा आहे म्हणणाऱ्याला पकडायची युक्ती फ्रान्सच्या एत्येन लोंबार्दनं १९११ साली मांडली होती. त्याला मोठ्यानं वाचायला सांगायचं आणि चांगल्या कानात गोंगाट सोडायचा. खरा बहिरा आपोआप ओरडू लागतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो. ढोंगी मात्र जवळपास त्याच पट्टीत वाचत राहतो, कारण ‘गेलेला’ कान ऐकत असतो. युक्ती हुशारीची आहे. मात्र अशा युक्त्या शिकलेली यंत्रणा दारात आलेल्या प्रत्येकाकडे आधी संशयानं पाहते.

याच काळातला दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीनं कानात गोंगाट करणारी छोटी डबी बनवली होती, म्हणजे चांगला कान झाकून दुसऱ्याची खरी परीक्षा करता येते. आंतरकर्ण तोल कसा सांभाळतो हेही त्यानं उलगडलं. युद्ध सुरू झाल्यावर तो ऑस्ट्रियन फौजेत शल्यचिकित्सक म्हणून गेला, प्शेमिशल किल्ला पडला तेव्हा रशियनांच्या हाती सापडला, आणि १९१४चं नोबेल आपल्याला मिळाल्याची बातमी त्याला युद्धकैद्यांच्या छावणीत कळली. स्वीडनच्या राजपुत्राच्या आणि रेडक्रॉसच्या मध्यस्थीनं १९१६ साली तो सुटला.

आणि मग १९४४. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या डी क्लाइन या डॉक्टरानं एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, वरवर धडधाकट माणसांत श्रवणाची आणि तोलाची नस अचानक निकामी होणं. धमाका नाही, औषध नाही, ताप नाही. माणूस चांगला झोपतो आणि उठतो तो एक कान गमावून. आज याला सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. तीन दिवसांच्या आत, लागोपाठच्या तीन सुरांच्या पट्ट्यांत किमान ३० डेसिबलची घट, ही त्याची व्याख्या. लाखात वर्षाला पाच ते वीस जणांना होतो असा ढोबळ अंदाज आहे.

कारणांची यादी मोठी आहे. एखाद्या विषाणूनं नसेला सूज आणणं. गालगुंड तर मुलांचा एक कान कायमचा नेण्यासाठी कुप्रसिद्धच. आंतरकर्णाला रक्त पुरवणाऱ्या एकुलत्या एक बारीक धमनीत अडथळा. प्रतिकारशक्तीचा उलटलेला हल्ला. आतला पडदा फाटणं. सिफिलिस. नसेवरची छोटी गाठ, जिच्यासाठी एमआरआय करतात. क्वचित पक्षाघाताची पहिली चाहूल. पण बहुतेक रुग्णांत सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. गोयाच्या वेळी नव्हतं, तसंच.

कारण सापडत नसलं तरी एक गोष्ट हाती आली आहे, आणि ती म्हणजे वेळ. १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के सुधारले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के. रुग्ण थोडे होते आणि त्या आकड्यांवर नंतर पुष्कळ वाद झाला. पण एक तृतीयांश लोक औषधाशिवायही सुधारतात, आणि उपचार द्यायचा तर पहिल्या दोन आठवड्यांत, जितका लवकर तितका बरा, यावर आज कानाचे डॉक्टर साधारण एकमतानं बोलतात. काही ठिकाणी जोडीला दाबाखालचा ऑक्सिजन देतात. पाणबुड्यांसाठी बनवलेल्या कक्षांना मिळालेलं हे नवं काम. दोन आठवडे उलटले की दार मिटत जातं.

आता एका हवालदाराबद्दल. उत्तरेतल्या एका उंचावरच्या पोस्टिंगवर तो माझ्या युनिटमध्ये होता. सांगलीकडचा, नंबर वन म्हणून तोफ सांभाळणारा, आवाज खणखणीत. एका सकाळी उठला तो डावा कान बंद. आदल्या दिवशीच काय, महिनाभर फायरिंग झालं नव्हतं. उंची, थंडी, सर्दी, अशी कारणं तिथे पैशाला पासरी मिळतात. सोबत्यांनी निदान केलं, “तोफेचा कान आहे, आता वय झालं.” त्यानं स्वतः ठरवलं, दडे बसलेत, सुटतील. त्याचं प्रमोशन कॅडर तोंडावर होतं, वैद्यकीय तपासणी व्हायची होती, आणि एच अक्षराची भीती त्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होती. नऊ दिवस तो कुणाला बोलला नाही. फोन उजव्या कानाला लावायचा, फॉल-इनमध्ये डाव्या टोकाला उभा राहायचा.

पकडलं ते त्याच्या बायकोनं, फोनवर. नेहमी मुलीशी बोलताना तो फोन या कानावरून त्या कानावर घ्यायचा, आता घेईना. तिनं खोदून विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तिनं थेट सुभेदार साहेबांच्या घरी निरोप धाडला. आमच्या रेजिमेंटच्या डॉक्टर, एक तरुण कॅप्टन, यांनी त्याला बसवलं आणि खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला.

या फोर्कचा उगम फौजी माणसाला आवडेल असा आहे. १७११ साली तो जॉन शोर यानं बनवला, आणि शोर होता इंग्लंडच्या दरबारचा सार्जंट ट्रम्पेटर. वाद्य जुळवायला बनवलेल्या या दोन दात्यांच्या पट्टीनं कान तपासायची रीत एकोणिसाव्या शतकात वेबर आणि रिने या दोन जर्मनांच्या नावानं रूढ झाली. फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा. मळ, सर्दी, पडदा असा बाहेरचा अडथळा असेल तर आवाज बंद कानात मोठा ऐकू येतो. आतली नस गेली असेल तर चांगल्या कानात. हवालदाराला तो उजवीकडे ऐकू आला. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, “सर, हे दडे नाहीत. आजच्या गाडीनं खाली पाठवायला हवं.”

तो त्याच दिवशी गेला. स्टेरॉइड सुरू झालं, एमआरआयमध्ये गाठ नव्हती, कारण सापडलं नाही. श्रवण परत आलं, पण पूर्ण नाही. बोलणं कळतं, दिशा कळत नाही. दिशा कळण्यासाठी दोन कान लागतात. आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा हजारांश सेकंदाहून कमी अंतरानं आधी पोचतो, आणि मेंदू त्या फरकावरून सांगतो की गोळी डाव्या नाल्यातून आली की उजव्या. आधी कडाका, मग धप्प, त्यावरून अंतर आणि दिशा ओळखायला आम्ही रंगरुटाला शिकवतो. एका कानाच्या माणसाला अंतर मोजता येतं, पण आडोसा कुठल्या बाजूला घ्यायचा हे कळत नाही. ज्या श्रेणीला भिऊन त्यानं नऊ दिवस काढले, ती त्याला मिळालीच. पहिल्या दिवशी आला असता तर मिळाली नसती, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण शक्यता त्याच्या बाजूला होती, आणि ती त्या नऊ दिवसांत कमी होत गेली.

सुश्रुतानं उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. बहिरेपणाबद्दल तो म्हणतो की वायू, कधी कफासह, शब्द वाहून नेणाऱ्या वाटा अडवून बसतो. आणि अशा वेळी जो उपचार करून घेत नाही तो निश्चित बहिरा होतो. वायू आणि कफाबद्दल डॉक्टरांनी काय ते ठरवावं. दुसऱ्या भागाशी माझा झगडा नाही.

म्हणून माझ्या गोलंदाज भावांना, आणि हे वाचणाऱ्या त्यांच्या घरच्यांना, एवढंच सांगतो. एक कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून ‘हं’ असा लांब हुंकार द्या. आवाज बंद कानाकडे मोठा वाटला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हुंकार हे निदान नव्हे, त्यामुळे शंका असली तरी जाच. सोबत चेहरा वाकडा होणं, हातापायात बळ नसणं, जीभ जड होणं यातलं काही असेल तर तासही घालवू नका. आणि जे माझ्यासारखे कमान सांभाळतात त्यांना विनंती की एमआय रूमच्या रांगेत ‘कान बंद आहे’ म्हणून उभ्या राहिलेल्याला कामचुकार समजू नका. दडेच असतील तर ते सुटतील आणि तो संध्याकाळी गेम परेडला हजर असेल. नसतील, तर त्याच्याकडे फार थोडे दिवस आहेत.